सोमाभाऊंचं धुराडं

आमच्या गावात सर्वांत उंच काय, असं विचारलं तर शाळेतली पोरं देवळाचा कळस सोडून सोमाभाऊंचं धुराडं सांगत. कवेलूंच्या छपराचं बुटकं घर आणि त्याच्या भिंतीला टेकून बांबूंनी आवळलेले सिमेंटचे पाइप, एकावर एक, ताडाच्या झाडाशी पैज लावल्यासारखे. गावाने त्या घराला ‘पॉवर हाऊस’ नाव दिलं होतं. चंद्रपूरला जाऊन आलेली माणसं सांगत की तिथल्या वीज केंद्राचीही चिमणी अशीच आहे, फक्त ती सरळ आहे.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी तेव्हा सावली तालुक्यात ग्रामसेवक होतो. सरकारची निर्धूर चुलीची योजना आली. जुनी चूल मोडायची, दोन तोंडांची नवी बसवायची, धूर पाइपातून छपराबाहेर काढायचा. खर्चाला अनुदान. जंगलातलं लाकूड वाचेल आणि बायकांचे डोळेही वाचतील, असा हिशेब. चुली बसल्या, पण पाइपांना लोकांनी आपापली कामं शोधली. कोणी त्यातून न्हाणीचं पाणी काढलं. एकीच्या पाइपात कोंबडी अंड्यावर बसली. सोमाभाऊंनी हे सगळे पाइप गोळा केले. भाव ठरलेला होता, एका पाइपाला एक मरळ मासा.

सोमाभाऊ गावच्या तलावात मासे धरत. अंगठेबहाद्दर माणूस, पण कागदावर अफाट श्रद्धा. कोणताही सरकारी कागद आला की तो माझ्याकडून दोनदा वाचून घेत. मग त्यांचा एकच सवाल असे, ‘‘नाई म्हणून लिवलं हाये का?’’ कागदात मनाई नसेल तर परवानगी आहे, हा त्यांचा कायदा. ग्रामसभेत ते जाळं विणत बसत. मी हटकलं की, ‘‘जाळं नाई म्हणून लिवलं हाये का जी?’’ एकदा एसटीत जिवंत माशांची बादली घेऊन चढले. कंडक्टर चिडला. सोमाभाऊंनी समोरची पाटी शेजारच्याकडून वाचून घेतली. पाटीवर धूम्रपानाला मनाई होती. ‘‘मासे काई बिडी पेत नाईत,’’ म्हणाले आणि बादली मांडीवर घेऊन बसले.

त्यांची बायको कौसाबाई हे सगळं ऐकून कपाळाला हात लावी. ‘‘ह्या मानसाले कागदासंगच लगन लावून द्याले पाह्यजे होतं,’’ असं ती मला म्हणे. घरात दोघंच. लेक भामरागडकडे दिलेली, पावसाळ्यात तिकडची चिठ्ठीही यायची नाही.

तपासणीला पंचायत समितीचे साहेब आले. त्यांनी मान वर केली आणि टोपी पडली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘धुराडं हाये जी.’’

‘‘एवढं उंच? अहो, अशानं चूल लाकूड ओढते. दुप्पट जळतं.’’

‘‘उंच नाई म्हणून लिवलं हाये का?’’

साहेबांनी परिपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं, पाइप छपरापेक्षा किमान हातभर वर असावा. किमान. जास्तीत जास्त किती, ते लिहायला कोणाला सुचलंच नव्हतं. साहेबांनी परिपत्रक घडी करून खिशात घातलं, पण ते हरले नाहीत. अनुदानासाठी लाभार्थी, चूल आणि धुराडं यांचा एकत्र फोटो लागत असे. फोटोग्राफरने मागे सरकत सरकत शेजाऱ्याच्या शेणखताच्या खड्ड्यात पाय घातला, तरी धुराडं फोटोत मावेना.

‘‘उद्यापर्यंत कापा,’’ साहेब म्हणाले, ‘‘नाहीतर यादीतून नाव काढतो आणि पाइप उचलून नेतो.’’

सोमाभाऊ धुराड्याच्या टोकाकडे बघत राहिले. मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. साहेब गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि तलावावर नेऊन डोंग्यात, त्यांच्या लहानशा होडीत, बसवलं. मला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. भर मधोमध डोंगा थांबवून म्हणाले, ‘‘आता गावाकडं पाहा.’’

पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या झाडांनी सगळं गाव झाकलं होतं. झाडांच्या वर फक्त पाइपाचं टोक दिसत होतं आणि त्यातून धूर निघत होता.

‘‘कौसाले फिट येते जी. कवा पडन, काई नेम नाई. म्या तिले सांगून ठेवलं, घडीघडीनं चुलीत लाकूड सारत जाय. धूर दिसला म्हंजे ते बरी हाये. धूर तुटला का मी डोंगा वळवतो.’’ मग वल्हं पाण्यात घालत म्हणाले, ‘‘दोनदा वळवला.’’

त्या माणसाची मी वर्षभर टिंगल केली होती. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरला मी तलावाच्या पाळीवर उभं केलं. फोटोत धुराडं टोकापर्यंत आलं. सोमाभाऊ आणि कौसाबाई तांदळाच्या दाण्याएवढे आले आणि चूल भिंतीआड गेली, पण लाभार्थी ओळखू यावा किंवा चूल भिंतीपुढे असावी, असं कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं मी साहेबांना कळवलं. अनुदान मंजूर झालं.

पुढे माझी बदली झाली. पाच-सहा वर्षांनी एका कामासाठी पुन्हा गावात गेलो. कौसाबाई आदल्या उन्हाळ्यात गेल्याचं बसथांब्यावरच कळलं. तडक सोमाभाऊंच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता. घरात आग लागली की काय, म्हणून मी सोमाभाऊंना शोधत धावत तलावावर गेलो.

ते डोंग्यातच होते, काठाजवळ. जाळं पाण्यात आणि तोंड गावाकडे.

‘‘सोमाभाऊ, घरी कोणी नाही आणि चूल पेटलेली?’’

‘‘ओलं लाकूड सारून येतो जी सकाळी. दुपारपावतर धूर राह्यते.’’

मी काठावर बसलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा झाडांवरच्या त्या धुराकडे.

‘‘काऊन साहेब, नाई म्हणून लिवलं हाये का?’’

मी म्हटलं, नाही. असं कुठंच लिहिलेलं नाही.