पाच आकडी

कचेरीत नवा कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं छापलेली यादी भिंतीवर लागली. शिपाई तुळजाराम तमिळमध्ये छापलेल्या नावांवरून बोट फिरवत आपल्या नावापाशी थांबला. अक्षरं तो चाळिशीनंतर लेकीकडून शिकला, तीही तमिळच. वरचा इंग्रजी मथळा त्याला लागला नाही, समोरचा आकडा मात्र लागला. ३४८८०.

तंजावुरातले फोन तेव्हा पाच आकडी. कचेरीमार्फत फोनचा अर्ज करून त्याला सात वर्षं झाली होती. लेक श्रीविद्या दिल्लीला, दिवस भरत आलेले. तिचा आवाज ऐकून वर्ष लोटलं होतं.

त्यानं दिल्लीला कार्ड टाकलं. मग पापनाशमच्या, तिरुवैयारुच्या नातेवाइकांना. "फोन मागून येईल," तो बायकोला म्हणाला, "नंबर तर आला की." शेषम्मानं कोनाडा रिकामा केला.

बाराव्या दिवशी कॉफीपूडवाला कृष्णस्वामी कचेरीत आला.

"तुळजाराम तुम्हीच का? ३४८८० माझ्या दुकानाचा नंबर. आठवडाभर लोक मला मामा म्हणतात. पापनाशमच्या बाईनं तुमचा गुडघा विचारला. बरा आहे म्हटलं."

तुळजारामनं त्याला यादी दाखवली. कॉम्प्युटरवर बसणारी नित्या ती पाहून गोरीमोरी झाली.

"मामा, हा फोन नव्हे, तारीख. जन्मतारखेत अठ्ठावन्न वर्षं मिळव म्हटलं, यंत्रानं मिळवली. तारखेसारखं लिही म्हणायला मी विसरले. मग ते नुसते दिवस मोजून दाखवतं, एकोणीसशे सालापासूनचे."

तिनं दोन कळा दाबल्या. पडद्यावर ३४८८० जाऊन ३०-०६-९५ आलं.

"हे कसलं?"

"तुमच्या रिटायरमेंटचं, मामा."

त्या दिवशी वीस जून होता. तुळजारामच्या हिशेबानं अजून दोन वर्षं होती. पण नोकरीला लावताना साहेबानं वय चेहरा बघून लिहिलं होतं.

तुळजारामनं कार्डांची आणि दिल्लीच्या लेकीची हकिकत सांगितली. "लेकीला कार्ड गेलंय ना?" कृष्णस्वामीनं विचारलं. "मग ती माझ्याकडेच फोन करणार. तुमची माणसं तुम्हीच सांभाळा. स्टूल देतो."

एक जुलैला तुळजाराम नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघाला आणि दुकानात फोनशेजारी बसला. दुपारी घंटा वाजली.

"आप्पा? लागेल असं वाटलं नव्हतं. नंबर बरोबर आहे ना?"

"आकडा बरोबरच होता गं," तुळजाराम म्हणाला. "लिहायची रीत तेवढी चुकली. गुडघा बरा आहे. तू बोल."