आक्का, चेंबर लागंल!

वाडीच्या वाटेवर उंचवटा आला की आप्पा गाडी थांबवत, वळसा घालून डावं दार उघडत आणि रिकाम्या सीटकडं बघून म्हणत, "उतर गं, चेंबर लागंल!" मग अवघडलेली बाई सावकाश उतरावी इतका वेळ दार धरून उभे राहत.

मी तिथं नवा मास्तर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार करायचाच विसरलो. वाडीतली माणसं मात्र "थांबा रं, आक्का उतरत्यात," म्हणून बैलगाड्या थोपवायची.

आप्पा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारमालकांचे ड्रायव्हर. मालकांनी आपली जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्यांना म्हातारपणी देऊन टाकली होती. दोनच सीटा, लाल रंग, आणि खालून जाताना कोंबडीनंही मान खाली घालावी इतकी बुटकी. इंजिनच्या तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर, सगळ्यात खाली. त्याच्याखाली आप्पांनी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे पट्टी, तोडून बसवलेली. वाटेतले खड्डे स्वतः मुरूम टाकून बुजवायचे.

रोज सकाळी ते पालथी करवंटी गाडीखालून सरकवून बघत. उजवीकडून ती सुळकन जायची, डावीकडं अडायची.

"बसलीया न्हवं ती!" आप्पा एकदा मला म्हणाले.

मी हसलो. त्यांनी डावं दार उघडलं, जरा थांबले आणि करवंटी पुन्हा सरकवली. ती आरपार गेली. माझं हसणं तिथंच थांबलं.

मग त्यांनीच सांगितलं. "हिचं म्हायेर जांबोटी. कळा सुरू झाल्या म्हणून मालकांची हीच गाडी मागून घेऊन गेलतो. बेळगावला न्यायचं हुतं. रस्त्यात धोंडा लागला, चेंबर फुटला, इंजिन जाम. बस आली तवर ही गेलती, मास्तर. पोटातलं पोरबी."

त्यानंतर मी कधी थट्टा केली नाही.

दोन वर्षांनी, भर दुपारी, माझ्या बायकोला, शालिनीला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. बस निघून गेलेली. आप्पांनी न बोलावता गाडी दारात आणली आणि डावं दार उघडलं. "सरक गं जरा. पोरगी अडलीया."

शालिनी बसली. कुणी न सांगता तिनं अर्धी सीट मोकळी ठेवली. मी मागं, दुमडून ठेवलेल्या कापडी टपावर लटकलो.

पहिला उंचवटा आला. आप्पांचा पाय ब्रेकवर गेला, थबकला. "आज उतरायचं न्हाय," ते मोकळ्या जागेला म्हणाले आणि गाडी तशीच घातली. खालून लोखंड किंचाळलं. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला, पण दुसऱ्या, तिसऱ्या उंचवट्यालाही ते थांबले नाहीत. जळक्या तेलाचा वास येत होता. निपाणीच्या दवाखान्याच्या फाटकात इंजिन जाम झालं ते झालंच.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी धावत बाहेर आलो तर आप्पा रस्त्यावरची तेलाची काळी रेघ बघत उकिडवे बसले होते. बातमी ऐकली आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. आमच्या डोळ्यांच्या गळतीपुढं फुटक्या चेंबरची काय किंमत?

गाडी तिथंच ठेवून आप्पा बसनं वाडीला निघाले. त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. कंडक्टरनं कानडीत किती तिकिटं विचारलं. आप्पांनी सवयीनं डावीकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"एकच," ते म्हणाले.

त्यांना इतकं एकटं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.