बर्फगाडीला झेंडूचा हार

"साहेबाला खूश कसं ठेवायचं ते मला विचारा!" असं हेमचंद्र देवस्थळी नेहमी म्हणत. कुणी विचारलेलं नसे. बहारीनच्या सलमानिया भागातल्या त्यांच्या खोलीत शुक्रवारी वरणभात खायला येणारा कंपनीचा ड्रायव्हर गणपत तेवढा समोर असे, आणि त्याचं लक्ष लोणच्यात असे.

"आणि साहेब दोन असले तर?" गणपतने एकदा बोट चाटत विचारलं.

"तर दोघांना खूश ठेवायचं! त्यात काय!"

त्यात बरंच काही होतं, हे देवस्थळ्यांना सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्याला कळलं.

देवस्थळी मूळ चिपळूणचे. बहारीनला एका बांधकाम कंपनीत परचेस असिस्टंट. तीन वर्षं झाली होती आणि बायको सुनंदा, चार वर्षांची मुलगी, दोघी अजून चिपळूणलाच होत्या. मुलगी बापाला ओळखायची ती पोस्टमनच्या हातातल्या पाकिटावरून. फॅमिली व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागे, आणि त्या पत्रावर दोन सह्या लागत. एक जनरल मॅनेजर डग्लससाहेबांची, दुसरी चीफ इंजिनिअर पेलतियेसाहेबांची. दोघेही कॅनडाचे, दोघेही मनाने चांगले, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. एकाने सही केलेल्या कागदाला दुसरा हात लावत नसे.

भांडण तरी कशावरून? जमीनजुमला नाही, बढती नाही. बर्फगाडीवरून!

बर्फगाडी म्हणजे काय, हे देवस्थळ्यांनाही आधी ठाऊक नव्हतं. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि मध्ये स्कूटरची सीट. कॅनडात थंडीभर म्हणे लोक हिच्यावर बसून बर्फातून उंडारतात. डग्लससाहेब लाल 'कॅरिबू'चे भक्त, पेलतियेसाहेब निळ्या 'हस्की'चे. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन भाजत असायचं आणि आत एसीत हे दोघे उणे तीस डिग्रीला कुठलं इंजिन आधी सुरू होतं यावर टेबलं बडवायचे.

वर त्यांच्याकडे एक शिष्टाचार होता. सच्च्या बर्फगाडीवाल्याला दुसरी पसंती असावी लागते. आपली गाडी जगात नसतीच तर कुठली घेतली असती, हे त्याने खिलाडूपणे सांगायचं. डग्लससाहेबांची दुसरी पसंती वीस वर्षांपूर्वी बंद पडलेली एक कंपनी होती. पेलतियेसाहेबांची दुसरी पसंती होती पायी चालणं.

"तुमच्या देशात बर्फ पडतो का हो?" डग्लससाहेबांनी एकदा चहा पिताना सहज विचारलं.

"पडतो म्हणजे? हिमालय आमचाच!" देवस्थळी म्हणाले. चिपळूणहून हिमालय किती लांब ते साहेबांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. देवस्थळ्यांनी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यातला. तोही लांबून, कारण घरात मासे चालत नसत!

"मग बर्फगाडी चालवली असेल?"

"गुलमर्गला. दर थंडीत!"

जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नसतो. देवस्थळ्यांनी साहेबांच्या टेबलावरचे कॅटलॉग घरी नेऊन पाठ केले. वस्तू न बघता तिच्यावर अधिकाराने बोलणं हा परचेसवाल्याचा धर्मच असतो. आठवड्याभरात ते डग्लससाहेबांना सांगू लागले, "पहिली कॅरिबू! नाइलाज झाला तर हस्की." आणि जिना उतरून पेलतियेसाहेबांना, "पहिली हस्की! अगदीच अडलं तर कॅरिबू." दोघेही खूश. पत्राचं विचारलं की दोघेही म्हणत, "इंशाल्ला, नेक्स्ट वीक!" कॅनडाच्या माणसाला अरबी भाषेतलं नेमकं एवढंच यावं, याचं देवस्थळ्यांना फार वाईट वाटे.

सप्टेंबरअखेरीला डग्लससाहेबांचं घरसामान कॅनडाहून बोटीने आलं. सामान बांधणाऱ्यांना त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "गॅरेजमधलं सगळं पाठवा." त्यांनी सगळं पाठवलं. कंटेनर उघडला तर खुर्च्या, शिडी आणि लालभडक कॅरिबू! साहेबांना हर्षवायू झाला. झल्लाकला समुद्राकाठी त्यांचा बंगला होता, तिथे त्यांनी शुक्रवारी दुपारचं जेवण ठेवलं. पेलतियेसाहेबांना मुद्दाम बोलावलं, आणि आपले तज्ज्ञ म्हणून देवस्थळ्यांना.

"आज दोन्ही सह्या!" देवस्थळी पत्र खिशात घालत गणपतला म्हणाले. "दोन्ही साहेब एका जागी, पोट भरलेलं, मूड चांगला. खलास!"

"साहेब, दसरा हाय आज," गणपत म्हणाला. "मी मनामाच्या देवळाजवळनं हार घेतले दोन. एक आपल्या गाडीला, एक जास्तीचा."

"जास्तीचा साहेबांच्या बर्फगाडीला घालू. खूश होतील!"

झल्लाकला पोचल्या पोचल्या गणपत कामाला लागला. गुहागरचा माणूस, दसऱ्याला गाडी बिनपूजेची ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने कॅरिबूला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लिंबं चाकाखाली ठेवायची, तर चाकंच नव्हती! मग घसरपट्ट्यांखाली ठेवली. डग्लसबाईंना वाटलं सरबताची आहेत, त्या ती उचलून आत घेऊन गेल्या. गणपतने दुसरी काढून ठेवली.

तेवढ्यात पेलतियेसाहेब आले. काखेत एक मोठी फ्रेम होती. क्विबेकमधल्या आपल्या हस्कीचा फोटो त्यांनी वादात पुरावा म्हणून आणला होता. लाल गाडीला हार आणि शेजारी हात जोडलेले देवस्थळी पाहून ते दारातच थबकले.

"अच्छा! म्हणजे तुमचा निकाल लागला तर!"

"नाही नाही, साहेब!" देवस्थळ्यांना घाम फुटला. "हा आमचा सण आहे. आज आम्ही सगळ्याच यंत्रांना हार घालतो. मोटार, शिलाई मशीन, टाइपरायटर..."

"मग माझ्या हस्कीला हार कुठे आहे?"

हस्की सात समुद्रांपलीकडे. समोर फक्त फोटो. देवस्थळ्यांनी गणपतकडे वळून फर्मावलं, "गणपत, आपल्या गाडीचा हार काढ आणि या फोटोला घाल!"

"फोटोला?" गणपत चाचरला. "साहेब, फोटोला नको. फोटोला म्हंजे..."

"घाल म्हणतो ना! यल्ला, चल लवकर!"

गणपतने फ्रेम टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली. हार घातला. आता फोटोला हार घातल्यावर पुढे काय करायचं, ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्याने पुढ्यात दोन उदबत्त्या लावल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. मागे सामान लावायला आलेले कंपनीचे दोन केरळी प्लंबरही कोण गेलं ते न विचारता आदराने उभे राहिले.

पेलतियेसाहेबांचा चेहरा हळूहळू त्यांच्या हस्कीसारखा निळा झाला. बहारीनमध्ये आठ वर्षं काढलेला माणूस होता तो! मागच्याच महिन्यात स्टोअरकीपर जयप्रकाशचे वडील वारले तेव्हा ते भेटायला गेले होते. असाच फोटो, असाच हार, अशाच उदबत्त्या.

"माझी हस्की मेली?" ते गरजले.

"अखेर कुणीतरी खरं बोललं!" डग्लससाहेब पोट धरून हसायला लागले.

"हाच माणूस मला सांगतो की हस्की पहिली!"

डग्लससाहेबांचं हसू थांबलं. "मला तर सांगतो की कॅरिबू पहिली."

दोघेही देवस्थळ्यांकडे वळले. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, ते या क्षणी झालं. देवस्थळ्यांच्या डोळ्यांपुढे चिपळूणचं घर आलं, दाराशी सुनंदा, आणि तिच्या कडेवर वाढत वाढत कॉलेजात गेलेली मुलगी.

"खरं सांग," डग्लससाहेब म्हणाले. "पहिली कुठली?"

"गरुड!" देवस्थळी म्हणाले.

हे आपण बोललो की दुसरं कुणी, हे त्यांनाही कळेना.

"गरुड?"

"आमची भारतीय बर्फगाडी! गुलमर्गला बनते. अगदी थोड्या बनतात. कॅटलॉग नाही, जाहिरात नाही. पहिली तीच! संकोचाने बोललो नव्हतो इतके दिवस. आणि कॅरिबू आणि हस्की, दोन्ही दुसऱ्या. सारख्याच दुसऱ्या!"

 मग पेलतियेसाहेबांनी डग्लससाहेबांकडे पाहिलं. आपण पहिले नाही याचं दुःख होतंच, पण तोही पहिला नाही, हे सुख त्याहून कितीतरी मोठं होतं.

"प्रामाणिक माणूस आहे," पेलतियेसाहेब म्हणाले.

"फारच प्रामाणिक," डग्लससाहेब म्हणाले.

देवस्थळ्यांनी वेळ न दवडता पत्र काढलं. डग्लससाहेबांनी कॅरिबूच्या सीटवर टेकवून सही केली, पेलतियेसाहेबांनी गणपतच्या पाठीवर. मग आनंदाच्या भरात डग्लससाहेबांनी कॅरिबू सुरू केली. ती पाच फूट गेली, सगळी लिंबं चिरडली, आणि धूर सोडून वाळूत बसली ती बसलीच. त्या दिवशी देवस्थळ्यांनी तीन वेळा जेवण वाढून घेतलं.

व्हिसा डिसेंबरात आला. सुनंदाची तारीख ठरली. देवस्थळ्यांनी खोलीला नवे पडदे लावले, मुलीसाठी सायकल आणली. आणि त्याच आठवड्यात दोन्ही साहेबांनी त्यांना आत बोलावलं. गरुडवरून गप्पा मारता मारता दोघांची चक्क मैत्री झाली होती! आता एकाच टेबलावर दोघे बसले होते आणि टेबलावर एक ऑर्डर होती. बर्फ पडायला लागलाय, ताबडतोब गुलमर्गला जाऊन दोन गरुड खरेदी करून पाठवणे. तिकीट काढलेलं होतं. ऑर्डरखाली दोन सह्या होत्या, तीन मिनिटांत झालेल्या.

"आणि गरुड नाहीच मिळाली तर?" पेलतियेसाहेबांनी विचारलं. "भारतात दुसरी पसंती कुठली?"

'नाहीच मिळाली तर परत येईन' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड देवस्थळ्यांचं होतं.

"जटायू!" ते म्हणाले.

मुंबईहून सकाळी येणारं विमान दोन तासांनी परत मुंबईलाच जाई. मुहर्रकच्या विमानतळावर सुनंदा मुलीचं बोट धरून बाहेर आली, तेव्हा देवस्थळी अंगात उसना ओव्हरकोट आणि हातात बॅग घेऊन घामाने निथळत उभे होते. शेजारी गणपत होता. मुलीने दोघांना नीट निरखलं आणि गणपतला "बाबा" म्हणाली.

"हे काय?" सुनंदाने विचारलं. "मला घ्यायला आलात की कुठे निघालात?"

देवस्थळ्यांनी सगळं सांगितलं. गरुड सांगितला, जटायू सांगितला. सुनंदाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"किती दिवस?"

"पंधरा," देवस्थळी म्हणाले. "फार तर वीस."

"दोन्ही मिळेपर्यंत, असं म्हनाले साहेब," गणपतने कुणी न विचारता सांगितलं.

सुनंदाने नवऱ्याच्या हातातून खोलीची किल्ली काढून घेतली.

"तीन वर्षं चिपळूणला वाट पाहिली, आता इथे पाहीन," ती म्हणाली. "इथे निदान एसी तरी आहे!"