मोटेचा टाका

आमच्या उमरग्याच्या दवाखान्यातला ड्रेसर एकनाथ दर रविवारी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणायचा आणि घरी नेऊन शिवायचा. खायचा नाही; मटण त्यानं कधीच सोडलं होतं. ब्लेडनं चीर द्यायची, दारातल्या लिंबाला दोरीनं टांगायचं, बायकोनं झोका द्यायचा आणि यानं हलत्या हृदयावर सुई चालवायची.

"अगं, जीव असल्यागत हलव की," तो तिला सांगायचा. ती बिचारी एका हातानं पदर नाकाला लावून दुसऱ्या हातानं झोके देत राहायची. शिवून झालं की आत पाणी भरून बघायचं. थेंब दिसला तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. गल्लीत लोक म्हणायचे, हा करणी करतो.

त्याच्या गावी, बेंबळीला, त्याचे वडील मोटा शिवायचे. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या त्या चामड्याच्या मोटेची शिवण सैल पडली, तर निम्मं पाणी पुन्हा विहिरीतच. म्हणून दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून टाका. एकनाथनं तो टाका दवाखान्यात आणला, आणि पुण्याकडचे आमचे डॉक्टर तो त्याच्याकडूनच शिकले. "काय बी करा, गळाय नको," हे त्याचं पालुपद. चहाचा कप हातात घेतला तरी आधी बूड तपासणार. तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी तिथला कंपाउंडर. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

कायद्यानं शिवाशिव गेली होती, पण आमच्या घरांना विचारून गेली नव्हती. लोक एकनाथकडून पट्टी बांधून घ्यायचे आणि घरी जाऊन पट्टीवर गोमूत्र शिंपडायचे. मग जखम चिघळायची आणि स्वारी पुन्हा एकनाथच्याच पुढ्यात. तो निमूटपणे पट्टी सोडायचा. "ओली केली व्हय? बरं," एवढंच म्हणायचा.

एका पोळ्याला दुपारी माझा धाकटा भाऊ दत्तू बैलगाडीतून आला. शिंगाला पितळी शेंबी बसवताना बैलानं मान झटकली होती. छातीत डावीकडे बोटाएवढं भोक, तोंड काळंनिळं, नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर मला म्हणाले, "सोलापूरपर्यंत टिकणार नाही. छाती उघडावी लागेल." असलं ऑपरेशन त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

आई दार अडवून उभी राहिली. "तुमी काय बी करा डॉक्टर, पर त्या एकनाथचा हात माझ्या लेकराला लागता कामा न्हाय."

"बरं, तो फक्त सांगेल," डॉक्टर म्हणाले.

मी दत्तूच्या तोंडावर ईथरचे थेंब टाकत होतो. थेंब मोजायचे सोडून देवाचं नाव घेत होतो. एकनाथ डॉक्टरांच्या मागं स्टुलावर उभा होता. कुणी हात लावू देणार नव्हतं, तरी कोपरापर्यंत धुतलेले हात वर धरून उभा होता.

छाती उघडली आणि रक्त उसळलं. डॉक्टरांनी हृदयावरच्या भोकात बोट दाबलं. रक्त थांबलं, पण डॉक्टरही तिथंच अडकले. बोट काढलं तर दत्तू जाणार, आणि न काढता शिवणार कसं? "एकनाथ, सुई घे," ते म्हणाले.

एकनाथनं माझ्याकडे पाहिलं. "कंपाउंडरसाहेब, आईंनी नको म्हटलंय. घालू का?"

 मी 'घाल' म्हणून मान हलवली.

स्टुलावरून उतरून त्यानं डॉक्टरांच्या बोटाच्या कडेनं तीन टाके घातले. हृदय हातातल्या चिमणीसारखं फडफडत होतं. "आता बोट काढा. सावकाश." डॉक्टरांनी बोट काढलं. एकनाथ खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाय गळत."

गावानं डॉक्टरांना हार घातले. डॉक्टर खरं सांगायला निघाले, तर यानंच अडवलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईंना कळलं तर त्या दत्तूभाऊंच्या हातचं पाणी पिणार न्हाईत. बात गळाय नको."

पुढचे दहा दिवस दत्तूला ताप चढायचा, उतरायचा. आई खाटेशी पहारा देत बसलेली, म्हणून एकनाथ आत येत नसे. खिडकीबाहेर उभा राहून दत्तूच्या छातीकडे टक लावून बघायचा. "ह्यो कशापायी बघतोय सारखा? दृष्ट लावंल माझ्या लेकराला," आई म्हणायची. मी औषधाच्या बाटल्या पुसत बसायचो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दहाव्या दिवशी वरचे टाके काढायचे होते. "ते ड्रेसरचं काम," असं म्हणून डॉक्टर मुद्दाम बाहेर गेले. एकनाथ ट्रे घेऊन उंबऱ्याशी थांबला.

"ठीव तिथंच," आई म्हणाली. "डॉक्टर काढतील."

त्यानं ट्रे खाली ठेवला. "आई, एकच मागतो. हात लावत न्हाय. छातीला नळी लावून जरा ऐकू द्या."

"काय ऐकायचं हाय तुला?"

तो वाकून ट्रेमधली कात्री सरळ करू लागला. माझ्याकडे बघेना.

"आई," मी म्हणालो, "आतला टाका त्यानं घातलाय. डॉक्टरांनी न्हाय. मीच घाल म्हटलं."

आई दत्तूच्या छातीकडे बघत राहिली. छाती वर-खाली होत होती. "धा दिस माझ्यापासून लपवलंस," ती मला म्हणाली. मग पदर सावरून खाटेपासून बाजूला झाली आणि उंबऱ्याकडे न बघताच म्हणाली, "या आत. वरचे टाके बी तुमीच काढा."

एकनाथ आत आला. नळी लावून इतका वेळ ऐकत बसला, की दत्तू वैतागून म्हणाला, "झालं का न्हाय अजून?" त्यानं नळी काढली, कात्री उचलली, टाक्यापर्यंत नेली आणि तशीच माझ्यापुढं धरली.

"कंपाउंडरसाहेब, तुमीच काढा. मला दिसंना झालंय."