सड्यावरची रेंज

भागोजीच्या अंगणातली ढोलकी थांबली आणि प्रभावतीबाईंनी हातातली कोंबडीची तंगडी ताटात ठेवली, तेव्हा कुठे त्यांना उमगलं की आपण सदुसष्टाव्या वर्षी जाखडी नाचलो. चार दिवसांपूर्वी पोफळीकडून डोंगर चढताना ज्यांची नावंही ठाऊक नव्हती, ती सहा माणसं आता सख्ख्यासारखी टाळ्या वाजवत होती. माथ्यावरची सगळी वाट पुरी झाली होती आणि गुडघा शाबूत होता.

"बाई, एक नंबर!" वाटाड्या भागोजी म्हणाला. "सगळा नाच घेतलाय फोनवर. तालुक्याच्या मुंबई ग्रुपवर टाकला पण!"

बाईंनी ताट बाजूला सारलं.

संगमेश्वर तालुक्यातलं जे कोणी मुंबईत होतं, ते त्या ग्रुपवर होतं. बाईंचं सासरही याच तालुक्यातलं, आणि ग्रुपचा कारभारी होता बाईंचा मुलगा, सुहास. त्याने बजावून ठेवलं होतं, "या गुडघ्यांनी पुन्हा डोंगर चढलीस तर रत्नागिरीच्या घराला कुलूप. मुंबईला यायचं, कायमचं." म्हणून बाईंनी विपश्यनेच्या शिबिराला जातेय असं सांगितलं होतं. दहा दिवस मौन, फोन बंद, जेवण शाकाहारी. बौद्ध घरात या कारणावर कोण शंका घेणार?

"पुसा तो! आत्ताच्या आत्ता!"

"पुसतो की. आणि अजून गेला नसंल. गावात रेंज कुठाय? रेंज वर, सड्याच्या कातळावर."

"मग आणा फोन इकडे."

भागोजीने दोन्ही खिसे चाचपले आणि त्याचा चेहरा उतरला. "फोन जनीनं न्हेलान. पोराशी, संदेशशी बोलायला. सड्यावर."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. जांभ्या दगडाच्या पाखाडीवरून भागोजीच्या बायकोची हिरवी साडी पायरी पायरी वर सरकत होती.

"जने! ए जने!"

जनीने वळून हात हलवला आणि ती पुन्हा चालू लागली.

"अहो, ऐकत नाहीयेत त्या," चिपळूणची निशिगंधा म्हणाली.

"खाली असताना ऐकत न्हाय, वर काय ऐकणार?"

तोवर बाई पायात चपलाही न घालता पाखाडीला लागल्या होत्या. मागून निशिगंधा, तिच्यामागे बाकीचे, आणि सर्वांत शेवटी पोटभर जेवलेला भागोजी. चार दिवसांत बाई एवढ्या वेगाने एकदाही चढल्या नव्हत्या. डोळ्यांसमोर रत्नागिरीच्या घराचं कुलूप होतं आणि मागीलदारची अबोली पाण्यावाचून सुकत होती.

सड्यावर जनी फोन आभाळाकडे धरून उभी होती. "कायतरी गोल गोल फिरतंय बगा," ती म्हणाली.

निशिगंधाने फोन हिसकावला, दोन-तीनदा बोट मारलं. "गेला नव्हता! पुसला, बाई! पार मुळापासून पुसला!"

सगळ्यांनी एकच जल्लोष केला. बाई दगडावर टेकल्या, आणि त्यांच्या कमरेची पिशवी वाजू लागली. डोंगरात रेंज नाही म्हणून फोटोंपुरता त्यांनी स्वतःचा फोन चालूच ठेवला होता. सवयीने त्यांनी तो उचलला.

"हॅलो?"

"आई? तू... फोन उचललास?"

"तू लावलास कशाला? शिबिरात बंद असतो ना!"

"रोजच लावतो. लागला नाही की बरं वाटतं. म्हणजे आई बसलीय ध्यानाला. पण तू धापा का टाकतेयस?"

"श्वासाकडे लक्ष देतेय," बाई कशाबशा म्हणाल्या.

जनीने फोनजवळ तोंड आणलं. "काय चढली हो ही म्हातारी! आमच्या बकरीला मागं टाकलान!"

रेंज गेली तर बरी म्हणून बाईंनी फोन जमिनीकडे धरून पाहिला.

"कुठली वाट, आई?"

"पोफळीहून निघते ती. माथ्यावरची."

"वीजघरातून सुटून आले की बाबा क्वार्टरच्या पायरीवर बसून दाखवायचे, ती?"

"तीच. रिटायर झालो की जाऊ म्हणायचे. राहूनच गेलं त्यांचं."

सुहासने हळूच विचारलं, "सगळी चाललीस?"

"सगळी. आता कुलपाचं काय ते बोल."

"कुलूप राहू दे. व्हिडिओ आहे का काही? ग्रुपवर टाकतो. बघू दे सगळ्यांना."

बाईंनी निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधाने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "तासाभरात पाठवते."

फोन ठेवून त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"भागोजी, ढोलकी काढा. आणि जनीबाई, माझ्या ताटातली तंगडी कुत्र्याने नेली नसेल ना?"