शुद्धिखान्याचे कातरणांची हकिकत

श्री शारदेस नमन, गणरायास नमन, आणि जे कोणी ही हकिकत शेवटपर्यंत वाचितील त्यांचे धीरासही नमन. शके १९४०, विलंबीनाम संवत्सरी, नदीकाठी एक राज्य होते, ज्याचे नाव लिहिल्यास आमचे मानेस धोका. तेथे चौकोचौकी भोंगे लाविले होते आणि रोज सकाळी त्यांतून महाराजांचा जाहीरनामा प्रजेस ऐकवीत. महाराज महालात बसोन टेपरेकॉर्डरपुढे बोलत, मग ती फीत दिवाण विसाजीपंत यांचे शुद्धिखान्यात जाई, आणि तेथील कारकून कात्री घेऊन महाराजांचा खोकला, हसणे, जांभई, अडखळणे, सर्व कापोन काढीत. राजाने खोकावे हे दौलतीस शोभत नाही, ऐसे दिवाणांचे मत. दुनिया फीत टाकोन कोठच्या कोठे गेली, तरी दिवाणांनी फीत सोडिली नाही, कारण फितीस कात्री लाविता येते. इतकी मेहनत करून शुद्ध केलेला जाहीरनामा सुरू जाहला, की प्रजा खिडक्या लावून घेई.

त्याच राज्यात सरकारी चित्रशाळा होती. महाराजांची तसबीर उतरवावी हीच तेथील विद्या. पहिले वर्ष पगडी, दुसरे वर्ष मिशा. मग तेथे म्हाळसाबाई नामे शिक्षिका रुजू जाहल्या. बाई अंगाने किरकोळ, जिभेने भारी. त्यांनी ब्रश कपाटात घालोन कुलूप लाविले आणि सांगितले, की वस्तूकडून तिचे ठरलेले काम करून घेतो तो गिऱ्हाईक, आणि भलतेच काम करून घेतो तो कलावंत. मग काय, शाळेत एकच धुमाकूळ. कोणी छताचे पंख्यास रंगाच्या बाटल्या बांधिल्या आणि पंखा सुरू करिता भिंतीसोबत शिपाईही रंगला. कोणी दोरा न ओविता शिलाई यंत्राने कागद टोचोन काढिला, आणि तो उन्हात धरिला तो त्यात मावशीचा चेहरा दिसो लागला. मोडके मिक्सर, भिजलेले मोबाइल, सर्व उघडोन पाहावे, न समजल्यास पुन्हा उघडावे, ऐसा बाईंचा पाठ.

दिवाणांचा डोळा शाळेचे इमारतीवर, कारण शुद्धिखान्यात कारकून मावेनासे जाहले होते. त्यांनी महाराजांकडोन हुकूम काढविला, की वाढदिवशी महाराजांची कीर्ती वाढेल ऐसे काम शाळेने दाखवावे, न जमल्यास शाळेस टाळे आणि विद्यार्थी सरकारी भिंतींस चुना लावावयास. सामान मागितले तेव्हा दिवाणांनी हसोन शुद्धिखान्यात वर्षानुवर्षे साठलेल्या कातरणांची पोती धाडिली, आणि वर निरोप, की बाईंस कचऱ्याची आवड ऐकितो.

आता राही म्हणोन एक मुलगी होती, मिशांत दोनदा नापास. तिने तुकड्यास तुकडा चिकटपट्टीने जोडोन फीत वाजविली आणि पोरे लोळलोळोन हसली. मग एके ठायी ती एकाएकी थांबली आणि बाईंस बोलाविले. बाईंनी ऐकिले, पदराने डोळे पुसले, आणि हा तुकडा शेवटी लाव इतकेच सांगितले.

वाढदिवशी दरबार भरला आणि शाळेची फीत भोंग्यांवर लागली. महाराजांचा खोकला ठेक्यात, त्यास मोडक्या मिक्सरची साथ, मध्येच जांभई, मध्येच "अरे, माझा चष्मा कुठं ठेवलात," आणि मग पोट धरोन हसणे. गावात खिडक्या उघडल्या. दिवाण लाल होऊन उठले आणि हा राजद्रोह म्हणोन ओरडले, तो भोंग्यांतून एक बाईमाणूस बोलिले, "अहो, पुरे झालं आता. घसा बसलाय तुमचा. आधी गरम पाणी घ्या."

तो आवाज राणीसाहेबांचा. त्यांस देवाज्ञा होऊन वर्षे लोटली होती. महाराज बोलत तेव्हा त्या शेजारी बसत, आणि मध्ये बोलल्या की कारकून तेवढे इमानाने कापोन टाकीत. महाराजांनी फितीपाशी उभ्या राहीस पुसिले, की हे कोठे सापडले.

राही म्हणाली, "कचऱ्यात, महाराज. दिवाणसाहेबांनीच पाठवला."

दिवाण खाली पाहो लागले. महाराज म्हणाले, "परत लावा." मग परत लाविले, आणि पुन्हा परत, आणि जिलब्या थंड होऊन गेल्या तरी कोणी ताटास हात लाविला नाही.

दुसरे दिवशी सकाळी महाराज टेपरेकॉर्डरपुढे बसले, शाळा राहील ऐसे बोलिले, आणि बोलताना त्यांस ठसका लागला. कारकुनाने सवयीने कात्री उचलिली. महाराज म्हणाले, "राहू द्या." मग तो ठसका जसाचा तसा चौकोचौकी वाजला, आणि कासारआळीत एक म्हातारी खिडकीतून भोंग्यास म्हणाली, "गरम पाणी घ्या, बाबा."

एकूण ऐसे जाहले, की शाळा राहिली, शुद्धिखाना उठला, आणि तेथील कात्र्या बाईंनी नेऊन त्यांचे भलतेच काही करविले. विसाजीपंतांस पहिले वर्षाचे वर्गात पगडी काढावयास बसविले. राही मिशांत नापास ती अद्याप नापासच. इतके लिहोन दौत झाकिली.