पाणी पाच हात, या

रविवारी सकाळी नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी थळहून आलेली नवऱ्याची बोट आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढली. बोटीत एकतीस माणसं, एक बँजो पार्टी आणि नवरा होता. कोणालाही इजा नाही. मुहूर्त बारा वीसचा होता.

त्या क्षणी गावाच्या ग्रुपवर ताजा संदेश होता, 'पाणी पाच हात. या.' प्रत्यक्षात पाणी दोन हात होतं. मोठ्या बोटीला तीन लागतात. संदेश माझ्या कॅमेऱ्याने पाठवला होता.

मी हर्षद. ऐरोलीच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो, कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. कॅमेऱ्याच्या चिपमध्ये बारीक खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. उजेड किती, नवा फोटो तयार आहे की नाही, असे आकडे त्या खणांत असतात. दुभाषाने खण उघडायचा, आकडा वाचायचा, पुढे सांगायचा. या कामात माझा हात धरणारा अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणी नाही, असं मी मच्छीमार सोसायटीच्या सभेत सांगितलं होतं. "माझा ड्रायव्हर कधी थांबत नाही," असंही म्हणालो होतो. इतिवृत्तात दोन्ही वाक्यं आहेत.

कॅमेऱ्याआधी खाडीतलं पाणी सांगायचं काम माझे सासरे धर्माजी करत. खाडीच्या तोंडाशी एक लोखंडी खांब रोवलाय. त्यावर हात-हाताचे लाल-पांढरे पट्टे आहेत, पण फक्त गावाच्या बाजूला. समुद्राची बाजू रंगवायची तेव्हा सोसायटीचा रंग संपला होता, आणि तो अजून आलेला नाही. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या बोटीला खांब दिसतो, पाणी किती ते कळत नाही. धर्माजी ओट्यावरून पट्टे मोजायचे आणि काठीवर बावटा चढवायचे. पांढरा म्हणजे या, लाल म्हणजे थांबा. चाळीस वर्षांत त्यांच्या बावट्यावर एकही बोट वाळूवर चढली नाही. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि सोसायटीने माझा कॅमेरा लावला. दर दहा मिनिटांनी तो खांबाचा फोटो काढतो, पट्टे मोजतो आणि ग्रुपवर संदेश टाकतो.

लग्न होतं धर्माजींच्या नातीचं, प्राप्तीचं. म्हणजे माझ्या बायकोच्या भाचीचं. म्हणजे मी पळून जाऊ शकत नव्हतो.

दहा वाजता मांडवात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. 'पाणी पाच हात. या.'

माझी बायको जागृती हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. "अहो, बोट वाळूवर बसलीय ती मला इथून दिसतेय. हे 'या' कोणाला म्हणतंय?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका. बंद करा."

बंद करणं सोपं होतं. पण दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा होती, कॅमेरा कायमचा ठेवायचा की नाही हे तिथे ठरणार होतं. आणि इतिवृत्तात 'कधी थांबत नाही' लिहिलेलं होतं. मी लॅपटॉप घेतला आणि जेट्टीवर गेलो.

दहा दहाला आणखी एक 'पाच हात. या' गेला. लगेच नवऱ्याचा, प्रणयचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडे त्याची आजी येसूबाई. येसूबाई म्हणजे त्या घरची धवलारीण. लग्नाची गाणी त्या म्हणतात, आणि त्यांचं धवळं झाल्याशिवाय त्या घरात कोणाच्या डोक्यावर अक्षता पडत नाहीत.

"धर्माजीचा जावई का तू?"

"हो, आजी."

"तुजा डबा अजून या म्हनतंय. आलो ना आमी. आता अजून किती येवाचं?"

"आजी, लहान होडी पाठवतो. नवऱ्याला आणि तुम्हाला काढतो."

"आमच्या घरचा नवरा अर्ध्या वाटेत बोट बदलत न्हाय. जीत बसला, तीतूनच उतरल. तुजा काय तो डबा निस्तर."

मागे बँजो पार्टी वाजवायला लागली होती. सुपारी तासावर ठरलेली होती आणि तास चालू होता.

शिडी लावून वर कॅमेऱ्यापाशी चढलो. कॅमेऱ्याची वायर जिथे जोडलेली, तिथे मिठाचा पांढरा थर बसला होता. समुद्राच्या हवेने दोन महिन्यांत केलेलं काम. सकाळी सहा चाळीसला, ऐन भरतीत, ड्रायव्हरने खण शेवटच्या वेळी नीट वाचला होता. 'नवा फोटो तयार? हो. पाणी? पाच हात.' त्यानंतर प्रत्येक वेळी खण उघडायला गेला आणि उघडला नाही.

मग त्याने काय केलं? मी सांगितलेलं केलं. वाचता आलं नाही तर मागचा आकडा द्यायचा आणि पुढे चालायचं, अशी ओळ मी स्वतः लिहिली होती. तिच्यावर टीपही होती, 'थांबू नये म्हणून.' त्यामुळे सहा चाळीसची भरती दर दहा मिनिटांनी ताज्या वेळेसकट पाठवली जात होती. पाणी उतरत होतं आणि संदेश ओहोटीला जुमानत नव्हता.

जुन्या टूथब्रशने मीठ खरवडलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा पुन्हा बंद. नवीन जोड पनवेलला मिळतो, आणि दिवस रविवार. म्हणजे दुरुस्ती लॅपटॉपवरच करायची होती. मी मासळीच्या रिकाम्या क्रेटवर बसलो.

पहिली दुरुस्ती अकरा दहाला झाली. वाचता आलं नाही तर जुना आकडा द्यायचा नाही, शून्य द्यायचं. निदान कोणी आत तरी येणार नाही, असा हिशेब. ग्रुपवर संदेश गेला, 'पाणी शून्य हात. थांबा.'

मी समाधानाने चहा मागवला. चहा आला, त्याच्याबरोबर जागृती आली.

"पंगतीच्या कोळंबीची बोट कुठे आहे माहीत आहे?"

"बाहेर नांगर टाकून असेल. भरतीला येईल."

"मुरूडला गेली. त्यांनी वाचलं, पाणी शून्य. चाळीस वर्षांत खाडीत शून्य पाणी कोणी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं खाडी बुजली. कोळंबी फोनवरच मुरूडला विकून टाकली त्यांनी."

"सगळी?"

"पंगतीत तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

बारा वीस झाले आणि गेले. भटजींनी पंचांग उलटंपालटं करून संध्याकाळची गोरज वेळ काढून दिली. म्हणजे सूर्य बुडायच्या आत बोट जेट्टीला लागली तर लग्न. पाणी चढून तीन हात होणार चारच्या सुमाराला. पण नेमकं कधी झालं हे बोट हाकणाऱ्या तांडेलाला कळायला हवं होतं. घाईने इंजिन टाकलं तर बोट आणखी वर चढून आडवी बसली असती, आणि मग दुसऱ्या दिवसाची भरती. आता खरा आकडा लागणार होता, आणि तो द्यायचं काम अजून माझ्याकडेच होतं.

शून्य चुकीचं, हे मला पटलं होतं. शून्य हाही आकडाच आहे, वाचणाऱ्याला तो खरा वाटतो. म्हणून दुसरी दुरुस्ती मी शास्त्रशुद्ध केली. खण वाचता आला नाही की खालची यंत्रणा चूक कळवणारा एक उणे क्रमांक देते. तो गिळायचा नाही, जसाच्या तसा वर पाठवायचा. आमच्या धंद्यात हेच योग्य मानतात. फक्त वरच्या माणसाने तो क्रमांक आहे, आकडा नाही, हे ओळखायला हवं. वरचा, संदेश टाकणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला होता, आणि तो ओळखत नव्हता.

बारा चाळीसला ग्रुपवर संदेश गेला, 'पाणी उणे एकशे एकवीस हात. थांबा.'

मग एकाने ग्रुपवर विचारलं, 'खांब कुठंवर गेलाय मग?' दुसऱ्याने लिहिलं, 'जावयाला दोरी बांधून सोडा, मोजून येईल.' येसूबाईंनी आवाज पाठवला होता. मी तो कानाला लावून ऐकला. त्यातला मजकूर इथे देत नाही.

एक वाजता धर्माजी काठी टेकत जेट्टीवर आले. डोळ्याला नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची हिरवी पट्टी, अंगात लग्नाचा नवा सदरा. शेजारच्या क्रेटवर बसले.

"जावयबापू, जेवलंव का?"

"नाही, मामा. कोळंबी मुरूडला गेली."

"आयकला मी. काय अडलंय?"

मी सांगितलं. कधी कधी कॅमेऱ्याला वाचता येत नाही. जुना आकडा दिला तर बोट चढते, शून्य दिलं तर बोट पळते, क्रमांक दिला तर लोक हसतात. "मामा, तुम्हाला कधी असं झालं? खांब दिसलाच नाही, असं?"

"धुक्यात व्हायचा की. थंडीत तर आठवड्यातून दोनदा."

"मग कुठला बावटा लावायचात?"

"कुठलाच न्हाय. काठी मोकळी. मोकळी काठी म्हंजे मला दिसत न्हाय, तुमी भायेर थांबा. पोरासोरांना ठावं हाय."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. "मामा, मी तुम्हाला विचारलं होतं. वहीत लिहून घेतलं होतं. बावटे किती, तर तुम्ही म्हणालात दोन."

"दोनच हायेत. पेटीत बघ. तू बावटे इचारलंस, मी बावटे सांगितलं. न दिसला तर काय करता, ह्ये इचारलंस?"

विचारलं नव्हतं. वहीत ते पान अजून आहे. 'पांढरा, लाल' आणि खाली दोनदा अधोरेखित, 'सोपं आहे.'

पुढच्या दीड तासात मी त्या दिवसातलं एकमेव नीट काम केलं. खण वाचला की दोन गोष्टी वर पाठवायच्या. वाचता आलं का, आणि आलं असेल तरच आकडा. नाही आलं तर आकड्याची जागा कोरी ठेवायची आणि वरच्या प्रोग्रॅमने ती कोरी जागा बघूनच पुढे जायचं. तीनदा वाचून बघायचं, चौथ्यांदा हट्ट करायचा नाही. ड्रायव्हरमध्ये बावीस ठिकाणी खण वाचला जात होता. बावीसही ठिकाणी जाऊन मी काठी मोकळी केली. 'थांबू नये म्हणून' ही टीप पुसली.

अडीच वाजता ग्रुपवर संदेश गेला, 'कॅमेऱ्याला वाचता येत नाही. बाहेर थांबा.'

धर्माजींनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "आता बरा बोलतंय," म्हणाले.

"पण मामा, आकडा कोण देणार? जोड खराबच आहे. तुमच्या डोळ्याला पट्टी."

"मी देते," मागून आवाज आला. प्राप्ती होती. हातात हिरवा चुडा, पायांत जागृतीच्या रबरी चपला. "काका, सकाळपासून मी या मशीनचं ऐकतेय. माझी वरात आहे, मी मोजते."

"ऊन लागेल गो," धर्माजी म्हणाले.

"लागूदे. हळद तर लागलीच आहे."

ती जेट्टीच्या टोकाला जाऊन बसली आणि फोन कानाला लावला. पलीकडे प्रणय. इतके दिवस हळू आवाजात बोलणारी ती दोघं अख्ख्या गावासमोर पाणी मोजायला लागली.

"दोन हात. थांबा."

"अजून?"

"थांबा म्हटलं ना. दोन हात, चार बोटं."

"आजी विचारतेय, नक्की का?"

"आजींना सांगा, लाट आली की दिसत नाही, तेव्हा मी बोलत नाही. दिसलं की बोलते."

फोनमधून येसूबाईंचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "ही पोर आपल्या घरात चालल."

चार वाजून दोन मिनिटांनी प्राप्ती म्हणाली, "तीन. या." तांडेलाने इंजिन टाकलं. चार अकराला बोट जेट्टीला लागली. नवरा ज्या बोटीत बसला होता तिच्यातूनच उतरला. बँजो पार्टीचे सहा तास झाले होते आणि त्यांना तीनच गाणी येत होती. लग्न गोरज वेळेवर लागलं. पंगतीत वांग्याचं कालवण होतं.

लग्नानंतर सोसायटीच्या चेअरमननी मला बाजूला घेतलं. "उद्याची सभा आठवड्याने पुढे ढकललीय. तोवर कॅमेरा चालू ठेवा. खोटं बोलत नाही ना आता?"

"नाही," मी म्हणालो. "सगळ्या शक्यता धरल्यात."

इतिवृत्तासाठी त्यांनी ते लिहून घेतलं.

आज सोमवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. खाडीवर दाट धुकं आहे. ओट्यावरून खांब दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नाही. थळची बोट नव्या सुनेला घेऊन परत निघायला जेट्टीला तयार उभी आहे, भरती वीस मिनिटांत पूर्ण होईल. ड्रायव्हर ठरल्याप्रमाणे वागतोय. सहा पन्नास, सात, सात दहा, तिन्ही वेळा ग्रुपवर एकच संदेश गेला, 'कॅमेऱ्याला वाचता येत नाही. बाहेर थांबा.'

शेवटच्या संदेशाखाली येसूबाईंचा आवाज आलाय.

"जावयबापू, आमी आत हाओत. भायेर कसं थांबाचं?"

धर्माजींना विचारायला हवं. ते अजून उठलेले नाहीत.